घोणशीच्या चढणीसाठी टायर

आजही कुठं टायरचं दुकान दिसलं की माझ्या पोटऱ्या दुखायला लागतात. खरं सांगतो. बेळगावला मुलीकडं गेलो की ती म्हणते, बाबा, जरा पाय मोकळे करून या. मी जातो, पण जिथं काळी टायरं एकावर एक रचलेली असतात तो रस्ता टाळून जातो. तो रबराचा वास नाकात गेला की मला नुसतं बसावंसं वाटतं. हा थकवा मला पुंडूअण्णानं लावला. तो जाऊन बरीच वर्षं झाली, थकवा काही जात नाही.

पुंडूअण्णा आमच्या शिरवाळीचा. आता शिरवाळी शोधायला जाऊ नका, ती धरणाच्या पाण्यात आहे. जोयडा तालुक्यातली अशी आणखीही गावं बुडाली आणि आमच्यासारख्यांना रामनगरला वसाहतीत आणून वसवलं. भरपाई मिळाली. तिचं काय करायचं ती ज्याची त्याची अक्कल. सोमा गावड्यानं रेड्यांची दांडगी जोडी घेतली. कुणी लेकीचं लग्न उरकलं. मी गावचा शिंपी, मी नवं मशीन घेतलं आणि वसाहतीच्या तोंडाशी ओट्यावर दुकान मांडलं. पुंडूअण्णानं मोटार घेतली.

बरं, ती तरी माणसासारखी घ्यावी! बेळगावच्या कुणा डॉक्टरच्या पोरानं हौसेनं घेतलेली आणि कंटाळून काढलेली, लाल रंगाची, दोन दारांची, जमिनीला पोट लावून बसलेली गाडी. बॉनेट पुढच्या अंगाला उलटं उघडायचं, ट्रंकेच्या झाकणासारखं. मागं बसायचं तर पुढची सीट पाडून, वाकून, कुठंतरी डोकं आपटूनच आत शिरावं लागायचं. वसाहतीत सगळे तिला तांबडी म्हणायचे. अण्णाची बायको, आमची पार्वतीवैनी, तिला काहीच म्हणायची नाही. ती नुसती बोट दाखवून 'ते' म्हणायची.

ही गाडी कशासाठी, ते अण्णानं कधी लपवलं नाही. शिरवाळीला मोठ्या रस्त्यावरून उतरणारी एक वाट होती. दोन वळणं उताराची, मग ओढ्याकाठचा सपाट तुकडा आणि मग घोणशीची चढण. तशी आखूडच, पण उभी आणि वाकडी. ती संपली की समोर अण्णाचं अंगण. त्या चढणीवर कधी कुठलं वाहन चढलं नाही. बांबूचा ट्रक खाली थांबायचा, साहेबाची जीप खाली थांबायची. एकदा एका जीपनं हट्ट केला, ती अर्ध्यावरून घसरत खाली आली आणि ओढ्यात बसली. तांदळाचं पोतं असो की आजारी माणूस, शेवटचा चढ डोक्यावर नाहीतर खांद्यावर.

आणि अण्णा कोण, तर ट्रक ड्रायव्हर. जंगलाच्या ठेकेदाराकडं उभी हयात लाकूड वाहिलं. हुबळीला, गोव्याला, कुठं कुठं गाडी घालून आला, आणि आपल्या गावात आला की चढणीखाली ट्रक लावून पायी घरी. गाव सोडायच्या दिवशीसुद्धा तसंच. भांडी, जातं, देवघर, सगळं आम्ही डोक्यावरून खाली आणलं आणि खाली उभ्या असलेल्या ट्रकात भरलं. तेव्हा अण्णा माझ्याजवळ येऊन बोलला होता, "दत्तू, दुनियेच्या दारात गाडी लावली गा मी. आपल्या दारात कवाच न्हाई." मी जात्याची एक बाजू धरली.

म्हणून तांबडी. एकदा, फक्त एकदा, घोणशीची चढण गाडीनं चढायची आणि आपल्या अंगणात गाडी लावायची.

"पण अण्णा, ती चढण पाण्याखाली हाय की."

"उतरंल की पाणी. धरान हाय, समिंदर न्हवं."

डोकं फिरलंय म्हणावं तर बाकी सगळा व्यवहार नीट. आल्यागेल्याची विचारपूस करायचा, वेळेवर जेवायचा, वैनीला बाजार आणून द्यायचा. फक्त जेवताना डावा पाय हलायचा. वैनी वैतागून म्हणायची, "बगा भावजी, भाकरी मोडताना पन क्लच दाबालेत."

गाडी चालवताना तो चप्पल काढून ठेवायचा. इंजिनाची नाडी तळपायाला लागते म्हणे. खांद्यावर एक फडकं असायचं, त्यानं आधी काच पुसायची, मग तोंड. कुणी चांगली सूचना केली की हसून म्हणायचा, "चढनीला इचारून बघू." हे त्याचं पेटंट वाक्य. आधी मला वाटायचं टाळतोय. मग एकदा प्रत्यक्ष पाहिलं. गॅरेजवाल्यानं विचारलं, दुसरा कार्बोरेटर बसवायचा का? अण्णा तिथल्या एका जुन्या ड्रमवर बसला, डोळे मिटले, हात स्टिअरिंग धरल्यासारखे पुढं केले आणि बसल्या जागी शिरवाळीला निघाला! पहिलं वळण आलं तसा डावीकडं कलला. दुसरं आलं, उजवीकडं. सपाटीवर उजवा पाय दाबला, चढणीला छाती पुढं काढली, दात आवळले. आणि मग एकदम सैल पडला. डोळे उघडून म्हणाला, "अर्ध्यावर दम लागालाय तिला. मानसाला दोन नाकपुड्या, गाडीला एक का म्हनून? बसव दुसरा."

बसवला. गाडीला दम आला आणि पेट्रोलची तहानही आली. मग हेड घासून घेतलं, इंजिनाचा जोर वाढावा म्हणून. जोर वाढला तसा सायलेन्सर अपुरा पडायला लागला, म्हणून तो मोकळा केला. त्या दिवसापासून अख्ख्या वसाहतीला कळायचं पुंडूअण्णा कुठून कुठं चालला ते. निजलेली पोरं दचकून उठायची आणि त्यांच्या आया अण्णाचा उद्धार करायच्या. मग जोर इतका झाला की ब्रेक पुरेनात. कुठल्याशा मोडीत निघालेल्या गाडीचे डिस्कब्रेक शोधून आणले. ते जुन्या रिममध्ये मावेनात, म्हणून रुंद रिमा आल्या. असं ते चालायचं. एक बदललं की दुसरं तोकडं पडायचं, आणि दुसरं बदलून होईतो पहिलं झिजलेलं असायचं. माझ्यासारख्याला नुसतं बघून थकवा यायचा.

आणि नुसतं बघून कुठलं भागायला! वजन कमी करायचं म्हणून त्यानं मागची सीट काढून टाकली. तर गाडी मागं इतकी हलकी झाली की चढावर मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. मग सीट परत आली आणि तिच्यावर वजन म्हणून मी आलो. "दत्तू, चल बस मागं, चढनीचा अंदाज घ्यायचाय." कुठल्या चढणीचा? जी घाटात भेटेल तिचा. माझं कापड मशीनवर तसंच राहायचं आणि मी पोटाशी गुडघे घेऊन मागं. त्या सीटची कव्हरं मीच शिवलेली, चार वेळा; त्यामुळं कुठली शिवण पाठीला टोचतेय ते मला नीट माहीत होतं.

उळवीच्या जत्रेला गेलो तेव्हाची गंमत सांगतो. गंमत आता म्हणायची, तेव्हा रडायची पाळी आली होती. अण्णानं नुकतेच स्प्रिंगपाटे कडक करून घेतले होते आणि गाडी आणखी खाली बसवली होती, वळणावर झुकू नये म्हणून. पुढं अण्णा आणि वैनी, मागं मी आणि माझी बायको. जत्रेच्या बैलगाड्यांनी रस्त्याला खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या. गाडीचं पोट मधल्या उंचवट्याला घासायचं, खरर्र असा आवाज आला की अण्णा कळवळायचा, "उतरा, उतरा!" आम्ही उतरायचं, गाडी रिकामी पुढं जायची, आम्ही चालत जाऊन बसायचं, की पुढं परत उंचवटा. शेजारून बैलगाड्या चालल्या होत्या, वरचे लोक शेंगा खात आमच्याकडं बघत होते. धारवाडकडचा एक म्हातारा वाकून म्हणाला, "याक री, गाडी केट्टितेनु?" गाडी बिघडली का, असं. वैनी फटकन म्हणाली, "गाडी ब्येस हाय, मानूस बिघडलाय." माझी बायको तिथंच मागच्या बैलगाडीत चढली आणि उळवीपर्यंत काही उतरली नाही.

देवळात अण्णा हात जोडून बराच वेळ उभा राहिला. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलंस?

"पाऊस कमी पाड म्हनलो."

"अरे, शेतकऱ्याच्या जातीचा तू, असलं मागनं मागतोस?"

"एकच वरीस," तो खाली बघत म्हणाला. "एक वरीस पडला न्हाई तर काय हुतंय? बाकीच्यानला नंतर दे म्हनलो."

सगळं बसवून झालं आणि राहिले टायर. तेव्हापासून माझ्या पोटऱ्यांची कथा. बेळगावात टायरचं असं दुकान राहिलं नसेल जिथं मी उभा राहिलो नाही. नायलॉनचे घ्यावेत की नवे रेडियल? रुंद घ्यावेत तर किती रुंद? नक्षी बारीक की मोठी? अण्णा प्रत्येक टायरवर अंगठ्याचं नख दाबायचा, नख किती रुततंय बघायचा. मग वास घ्यायचा. मग टायरांच्या चळतीवर बसून डोळे मिटून शिरवाळीला जाऊन यायचा. दुकानातली गिऱ्हाइकं थांबून बघायची. मी बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो, लाज वाटायची हो.

एक दुकानदार मोठा भला होता. त्यानं अण्णाला बसवून घेतलं, चहा मागवला आणि विचारलं, "रस्ता कसला आहे ते सांगा पहिल्यांदा. चिखलाचा असला तर हे मोठ्या बटणांचे घ्या, दिसायला ओबडधोबड आहेत, पण माती धरतात. कडक रस्ता असला तर हे रुंद रेडियल, सपाट नक्षीचे. जमिनीला चिकटून चालतात. दोन्हीला एक टायर नाही मिळायचा."

अण्णा क्षणभरही थांबला नाही. "मुरमाचा रस्ता. कडाक. वरनं बारीक खडी."

तरीपण त्या दिवशी त्यानं घेतले नाहीत. रामनगरला आल्यावर माझ्या ओट्यावर गावची माणसं जमवली आणि प्रत्येकाला विचारलं, आपला रस्ता कसला होता? सोमा गावडा म्हणाला, "मुरमाचा. अनवानी चालताना पायाला खडी टोचायची बग." दुसरा म्हणाला, ओढ्याकाठी तर असा ठणठणीत होता की पोरं तिथं गोट्या खेळायची. मीही हो म्हणालो. गावातल्या रस्त्याची गोष्ट निघाली तशी सगळ्यांना तोंड फुटलं. कुठं फणस होता, कुठं पूल होता, भर पावसातसुद्धा त्या रस्त्यावर कसं पाणी ठरत नव्हतं. बोलता बोलता चुली पेटायची वेळ झाली. आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही की तो रस्ता इतकी वर्षं पाण्याखाली आहे आणि पाणी आपल्याबरोबर गाळ आणतं. अहो, पावसाळ्यात भातखाचरात गाळ कसा बसतो हे आम्हाला शिकवायला हवं होतं का? पण आमच्या डोळ्यांपुढं रस्ता होता तसाच होता, आम्ही सोडून आलो त्या दिवशीचा.

अण्णानं रुंद रेडियल आणले. ओट्यासमोर गाडी लावून त्यांच्याकडं बघत बसला. केस पिकले होते, वाकला होता थोडा. "झालं दत्तू," म्हणाला. "आता काय बदलायचं न्हाई."

मग नुसती वाट बघणं. पावसाळे धो धो पडायचे, उन्हाळ्यात पाणी उतरायचं पण शिरवाळीपर्यंत काही जायचं नाही. टायर झिजू नयेत म्हणून अण्णा गाडी बाहेर काढेना. सकाळी इंजिन सुरू करायचा, थोडा वेळ ऐकायचा, बंद करायचा. वैनी मला म्हणायची, "भावजी, ह्यांस्नी सांगा की, साकू करा, पुरं झालं आता. मला कुटल्या बी दारात उतरवा, मी उतरते." ती हसून म्हणायची, पण तिचे डोळे हसायचे नाहीत. तीही थकली होती.

आणि एक साल पाऊस खरंच दगा देऊन गेला. उन्हाळ्यात धरण कधी नव्हे इतकं आटलं. सोमाचे रेडे त्या बाजूला चरायला असायचे. तो धापा टाकत माझ्या ओट्यावर आला. "दत्तू, अण्णास्नी सांग. घोनशीची चढन पान्यावर आलीया. अण्णाचा चौथरा दिसालाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठावर होतो. वसाहतीतली बरीच माणसं आली होती. खाली आमचं गाव राखाडी होऊन पडलं होतं, झाडांचे नुसते बुंधे. सपाटीपलीकडं चढण आणि वर अण्णाचा चौथरा, पायरीच्या चिऱ्यासकट. बायका रडायला लागल्या. मी वजन म्हणून मागं बसायला गेलो तर अण्णा म्हणाला, "आज नगो. आज तिच्यात काय बी कमी न्हाई." त्यानं वैनीकडं बघितलं. वैनी म्हणाली, "तुमी जावा. चढलासा की हाक मारा, मी येते." आणि तिनं पदर तोंडाला लावला.

चप्पल काढून त्यानं माझ्या हातात दिली आणि निघाला. काय सांगू! वरचा रस्ता धुऊन निघालेला, तसाच कडक. पहिलं वळण त्यानं असं घेतलं की पोरांनी टाळ्या पिटल्या. गाडी जराही झुकली नाही. दुसरं वळण त्याहून देखणं. सायलेन्सरचा आवाज त्या उघड्या खोऱ्यात घुमला, आणि मला, ज्यानं त्या गाडीला मनातल्या मनात हजार शिव्या दिल्या असतील त्या मला, रडू फुटलं. इतकी वर्षं हा माणूस जे बसल्या जागी करत होता ते तंतोतंत करत होता. सपाटीवर येताच त्यानं चढणीसाठी वेग घेतला.

सपाटी वरून वाळून तडकलेली होती. वरची पोपडी तेवढी वाळलेली, आत लोणी. गाडी थोडी धावली, मग पुढचं तोंड खाली गेलं. अण्णानं जोर दिला. ते रुंद, सपाट टायर गाळानं माखून गुळगुळीत झाले आणि जागच्या जागी फिरले. जितकं इंजिन ओरडलं तितकी गाडी खाली गेली. सगळी ताकद होती तिच्यात, दोन कार्बोरेटर, घासलेलं हेड, सगळं होतं. ती सगळी ताकद तिला खाली खणत होती. पोट टेकलं तेव्हा अण्णानं इंजिन बंद केलं. चढण तिथून हाकेच्या अंतरावर होती.

सोमा गाडीकडं धावला, तर त्याचा पाय गाळात मांडीपर्यंत गेला. त्याला दोघांनी ओढून काढला. पुढं पायी जायचीसुद्धा सोय नव्हती. अण्णा गाडीतच बसून राहिला, काच खाली करून. आम्ही मागून फळ्या टाकत त्याच्यापर्यंत पोचलो. मी म्हणालो, "अण्णा, पुढच्या साली बटणांचे टायर घेऊ." तो माझ्याकडं बघून म्हणाला, "रस्ता मुरमाचा हुता गा." मी म्हणालो, "हुता." आणि तो खरंच होता.

त्यानंतरही तो पुष्कळ जगला. गाडी त्यानं विकली, कुणाला ते विचारलं नाही. माझ्या ओट्यावर रोज येऊन बसायचा, ऊन-पावसाचं बोलायचा. मी त्याला आजारपणात बघितलं, तिरडीवर बघितलं. पण अण्णा म्हटलं की मला त्या दिवशीचा अण्णा दिसतो.

सोमानं आपली रेड्यांची जोडी आणली. मागच्या आसाला दोर बांधला, फळ्या सारल्या. स्टिअरिंग धरायला कुणीतरी आत बसायला हवं होतं. आम्ही म्हणालो, अण्णा, तू उतर, दुसरा कोण बसंल. तो उतरला नाही. रेड्यांची तोंडं काठाकडं, दोर ताणला, आणि तांबडी गाळातून सुटून मागं मागं यायला लागली. सोमा ओरडत होता, "अण्णा, मागं बग! मागं बगून धर गा, चाक फळीवरनं जाईल!" अण्णाचे हात आपोआप बरोबर फिरत होते. पण मान एकदासुद्धा वळली नाही. रेडे त्याला ओढत काठाकडं आणत होते आणि तो पुढच्या काचेतून आपल्या अंगणाकडं बघत होता, ते पार लहान होईपर्यंत.